वॉर्मर, बेसिनेट आणि निळी लाईट: कोकणातल्या दोन हॉस्पिटलांचा माझा अनुभव

माझ्या ओळखीतल्या तिघी जणी सध्या सातव्या-आठव्यात आहेत आणि तिघींनीही गेल्या महिन्याभरात फोन करून मला हेच विचारलं की हॉस्पिटल कुठलं बघू, रूम कशी मिळते, पॅकेज केवढ्याचं, सिझरला किती घेतात. बाळाला ठेवतात कशात आणि लाईट गेली तर काय करतात हे एकीनेही विचारलं नाही. मीपण नव्हतं विचारलं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय, लांबलंय पण कोकणात आणि त्यातून पावसाळ्यात डिलिव्हरी असेल तर नक्की वाचा. हॉस्पिटलांची नावं मुद्दाम लिहीत नाहीये.

माहेर माझं खाडीच्या काठचं, पहिलं बाळंतपण म्हणून रितीप्रमाणे सातव्यात माहेरी आले. बारा किलोमीटरवर तालुक्याच्या गावात एक मॅटर्निटी होम आहे, नवीन बांधलेलं, टाईल्स चकाचक, एसी रूम, टीव्ही, गरम पाण्याचा गिझर. आम्ही जाऊन रूम बघितली, बाथरूम बघितलं, आईने तर पलंगाची गादीपण दाबून बघितली. बाळासाठी काय आहे ते बघायला वर लेबर रूमकडे कोणी गेलंच नाही. नववा लागल्यावर बघू असं मनात होतं बहुतेक, पण चौतिसाव्या आठवड्यातच जुलैच्या धो धो पावसात पाणी गेलं आणि रात्री नऊ वीसला मुलगी झाली. वजन १ किलो ७८० ग्रॅम. अडीच किलोच्या खाली असेल तर कमी वजनाचं बाळ म्हणतात, म्हणजे आमची बाय बरीच लहान होती.

आधी तिथल्या वॉर्मरबद्दल. आपल्याकडे सगळे सरसकट "काचेच्या पेटीत ठेवलंय" म्हणतात पण काचेची बंद पेटी म्हणजे इन्क्युबेटर, आणि बऱ्याच ठिकाणी असतो तो वॉर्मर, वरून उघडा, बाळाच्या डोक्यावर हिटर आणि बाजूला चार पडद्या. त्याला एक बारीक वायर असते, तिच्या टोकाला छोटं बटणासारखं सेन्सर, त्याला प्रोब म्हणतात. हा प्रोब बाळाच्या पोटाला चिकटवायचा असतो, उजवीकडे बरगडीच्या खाली, हाडावर नाही. मग मशीन बाळाच्या कातडीचं टेंपरेचर बघून हिटर आपोआप कमीजास्त करतं. त्या मॅटर्निटी होममध्ये प्रोब होता पण चिकटवायचं स्टिकर संपलेलं, साध्या चिकटपट्टीने लावलेला तो दोनदा सुटला, शेवटी त्यांनी मशीन मॅन्युअलवर टाकलं, म्हणजे हिटर एका ठराविक जोरावर चालू, बाळ गरम झालं काय गार पडलं काय मशीनला पत्ता नाही. तेव्हा मला यातलं काहीच कळत नव्हतं, मी आपली लाल उजेड दिसतोय म्हणजे बाय ऊबेत आहे असं समजून टेबलावर पडून होते.

अकराच्या सुमारास लाईट गेली. कोकणात जुलैमध्ये लाईट जाणं म्हणजे कुणी दचकतपण नाही, कुठेतरी फांदी पडते, लाईन तुटते, दोन-चार तास धरूनच चालतो आपण. इन्व्हर्टरवर ट्यूब लागल्या, पंखे फिरले, पण वॉर्मर बंद. वॉर्मरचा हिटरच सहाशे-सातशे वॅटचा असतो, साधा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही, त्याला जनरेटर लागतो. जनरेटर होता त्यांच्याकडे. तो चालू करणारा माणूस घरी गेला होता.

मग सिस्टरने बायला दुपट्यात गुंडाळून बेसिनेटमध्ये घालून माझ्या रूममध्ये आणलं. हे बेसिनेट मी आयुष्यात विसरणार नाही. दिसायला छान, वर पारदर्शक टब, खाली पांढरा रंग दिलेलं लोखंडी स्टँड, चार चाकं. पण टब इतका धुरकट झालेला की आतलं बाळ नीट दिसेना. नंतर मला कळलं की अ‍ॅक्रेलिकचा टब स्पिरिटने पुसत राहिलं की त्यावर बारीक बारीक चिरा पडतात आणि तो आंधळा होतो, साबणाच्या पाण्याने पुसायचा असतो. स्टँडचा रंग वेल्डिंगजवळ पोपडे धरून सुटलेला आणि आतून तांबडा गंज. आणि चार चाकांपैकी दोघांना ब्रेक असतात, त्यातला एक तुटलेला, दुसरा दाबला तरी चाक फिरतच होतं. रूमच्या फरशीला बाथरूमकडे उतार. सिस्टर वळली आणि बेसिनेट आपलं आपण हळूहळू सरकायला लागलं, टॉर्चच्या उजेडात मला फक्त तो टब लांब लांब जाताना दिसला, मला उठता येईना. आजीने पाय आडवा घातला म्हणून दाराच्या चौकटीवर आपटलं नाही.

आजी माझी ऐंशीच्या पुढची, घरीच सहा बाळंतपणं झालेली. तिने बायच्या पायाला हात लावला आणि सरळ म्हणाली, "बर्फासारे पाय झाले गो चेडवाचे, पोटाशी घे आधी तिका." दुपटं सोडलं, माझ्या गाऊनची बटणं काढली आणि बायला उघडीच माझ्या छातीवर पालथी घातली आणि वरून आपलं लुगडं आणि आईची शाल. जनरेटर सुरू व्हायला अर्धा तास गेला. तेव्हा काखेत थर्मामीटर लावला तर ३५.४ आलं. बाळाचं नॉर्मल ३६.५ ते ३७.५ असायला पाहिजे. त्या अर्ध्या तासात ती माझ्या अंगावर नसती तर आकडा काय असता याचा विचारपण करवत नाही.

तिथल्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही, डिलिव्हरी त्यांनी चांगली केली आणि हे बाळ आपल्याला झेपणार नाही हे लगेच स्पष्ट सांगितलं, स्वतः फोन करून सरकारी हॉस्पिटलच्या एसएनसीयूमध्ये, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या युनिटमध्ये, जागा बघितली, १०८ बोलावली. पण जिथे डिलिव्हरी होते तिथे नवजात बाळाचा कोपरा असायलाच पाहिजे आणि तो चालू स्थितीत असायला पाहिजे, आणि टाईल्सवर खर्च होतो तर प्रोबच्या स्टिकरवर आणि चाकाच्या ब्रेकवर का होत नाही हे मला खरंच समजत नाही. फोटोथेरपीचं, म्हणजे काविळीच्या बाळाला निळ्या लाईटखाली ठेवायचं मशीनपण होतं तिथे. त्याच्यावर चादरींच्या घड्या रचून ठेवलेल्या.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये हायवेच्या खड्ड्यांतून दीड तास मी तिला तशीच छातीला लावून बसले. १०८ मधल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं की असंच न्या, डोक्यावर टोपडं घाला आणि नाक मोकळं राहील एवढं बघा. टाके दुखत होते पण ते आत्ता आठवून लिहितेय, तेव्हा लक्ष फक्त तिच्या पाठीवर, हलतेय ना हलतेय ना.

एसएनसीयू म्हणजे आजारी आणि कमी वजनाच्या नवजात बाळांचं स्पेशल युनिट, जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात असतं. सरकारी म्हटल्यावर सासरच्या मंडळींचा चेहरा पडलेला, कोल्हापूरला नेऊया का, मुंबईला नेऊया का. रात्री अडीच वाजता त्या पावसात घाट चढून कुठे नेणार होतो. नेलं नाही ते बरं झालं.

आत जाण्याआधी हात धुवायचे, कोपरापर्यंत, सिस्टर स्वतः उभी राहून बघते. चप्पल बाहेर, गाऊन त्यांचा, आणि हातात काहीही नको, घड्याळ नको, अंगठी नको, बांगड्या नकोत. माझ्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा. मी काढायला लागले तर आजीचा जीव खालीवर, बाळंतिणीचे हात रिकामे करायचे म्हणजे काय. तिथली सिस्टर, नाईट करून डोळे तांबडे झालेले तिचे, पण ती दारात येऊन आजीजवळ बसली आणि म्हणाली, "आजी, बांगडीच्या खाली साबण पोचत नाही हो, तिथला जंतू बाळाला लागतो. बाळासाठी उतरवतायत, घरी जाताना तुम्हीच भरा परत." आजीने स्वतःच्या हाताने उतरवल्या आणि पदरात बांधल्या. सतरा दिवस त्या पदराच्या गाठीत होत्या.

आता तिथले वॉर्मर. जुनेच होते, एकाची पडदी तारेने बांधलेली, पण प्रत्येक प्रोब चंदेरी गोल स्टिकरने नीट चिकटवलेला. ते स्टिकर चंदेरी का तर वरच्या हिटरची उष्णता थेट प्रोबवर पडून मशीन फसू नये म्हणून. मशीनवर ३६.५ सेट केलेलं आणि बाजूला बायचं स्वतःचं टेंपरेचर लाल आकड्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाय झाडले आणि प्रोब सुटला, लगेच टीं टीं सुरू. मी घाबरले, सिस्टर येऊन आधी बाळाच्या पोटाला हाताची पाठ लावली मग पायाला, मग नवीन स्टिकर लावलं. मला म्हणाली बघा ताई, प्रोब सुटला की मशीनला वाटतं बाळ गार पडलं आणि ते हिटर वाढवत सुटतं, बाळ भाजून निघेल, आणि प्रोब बाळाच्या अंगाखाली दबला तर उलट, मशीनला वाटतं बाळ गरम आहे आणि हिटर बंद. म्हणून अलार्मचा आवाज कमी करायचा नाही आणि हात लावून बघायचं सोडायचं नाही. पोट गरम पाय गरम तर बाळ बरं, पोट गरम आणि पाय गार तर बाळाला थंडी वाजतेय, दोन्ही गार तर धावत यायचं. हे मी घरी आल्यावरपण रोज दहादा करत होते आणि माझ्या मते थर्मामीटरच्या आधी प्रत्येक आईला हे शिकवायला पाहिजे.

तिथेही लाईट जायची. दिवसातून तीनदा गेली एकदा. पण मी मोजलंय, जनरेटर मिनिटभराच्या आत यायचा, माणूस तिथेच बसून.

तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली. तान्ह्या बाळांना थोडी कावीळ बहुतेकांना होते पण वेळेआधी झालेल्यांना सांभाळावं लागतं. निळ्या लाईटखाली ठेवलं, डोळ्यांवर काळी पट्टी, अंगावर फक्त डायपर. बघवत नाही ते, निळ्या उजेडात बाळाचा रंगच कळत नाही, मी पहिल्या दिवशी तिथेच रडले. सासूबाईंचा फोन, कोवळ्या उन्हात धर थोडा वेळ, आमची सगळी तशीच बरी झाली. जुलैमध्ये कोकणात ऊन कुठून आणू, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. बालरोगतज्ज्ञ मॅडमनी सांगितलं की या उपचाराचा शोधच तिथून लागला, १९५६ मध्ये इंग्लंडात एसेक्समधल्या रॉचफर्ड हॉस्पिटलात सिस्टर वॉर्ड नावाच्या नर्स लहान बाळांना बागेत उन्हात न्यायच्या, एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवलं, सगळं अंग फिकं झालेलं आणि चादरीचा कोपरा जिथे होता तेवढाच तुकडा पिवळा राहिलेला. उजेड कातडीतल्या पिवळ्या द्रव्याचं रूप बदलतो आणि मग ते लघवीतून शीतून बाहेर पडतं. पण उन्हात बाळ एक तर भाजतं नाही तर गारठतं आणि डोस मोजता येत नाही, म्हणून ठराविक निळा उजेड, साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा. त्यांच्याकडे उजेडाचा जोर मोजायचं छोटं मीटर होतं, मॅडम राऊंडला ते बाळाच्या पोटाशी धरून आकडा बघायच्या. दिवे जुने झाले की दिसायला निळेच दिसतात पण जोर कमी होतो आणि मग बाळ उगाच चार दिवस जास्त राहतं. एलईडीचं मशीन होतं, ते बाळाला तापवत नाही आणि दिवे जास्त टिकतात. दोन दिवसांत आमचं काम झालं. या मशीनला माझ्याकडून पूर्ण मार्क.

दूध पाजायला त्यांच्याकडे एक चोचवालं छोटं स्टीलचं भांडं होतं, पलाडी म्हणत होते. एवढ्या लहान बाळाला ओढायची ताकद नसते म्हणून आईचं दूध काढून त्या भांड्याने थेंब थेंब ओठाच्या कोपऱ्यातून सोडायचं. आजीला काचेतून ते दिसलं आणि ती एवढी खूश, "ह्यां तर आमचां बोंडलां गो!" खरंच बोंडलंच ते. आमच्या घरी चांदीचं आहे, माझ्या आईला त्याच्यानेच पाजलेलं. उकळून वापरायचं एवढं पाळलं की बाटलीपेक्षा हजार पटीने बरं, बाटलीच्या बुचाच्या खाचा कितीही घासा स्वच्छ होत नाहीत.

वजनकाटा रोज सकाळी, पाच ग्रॅमपर्यंत दाखवणारा. चौथ्या दिवशी १६४० झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला पण सुरुवातीला वजन उतरतंच म्हणे, तेराव्या दिवशी १७९० आणि मग रोज पंधरा-वीस ग्रॅमने वर.

आणि आता कांगारू. आजीने त्या रात्री जे केलं त्यालाच कांगारू मदर केअर म्हणतात हे मला तिथे कळलं. पाचव्या दिवसापासून बायला वॉर्मरमधून काढून माझ्या छातीवर बांधायचे, दोन पायांच्या बेडकासारख्या घड्या, मान एका बाजूला, वरून ताणणारा कापडी पट्टा. हे १९७८ मध्ये कोलंबियात बोगोटाला डॉक्टर एडगर रे यांनी सुरू केलं, तिथे इन्क्युबेटर कमी पडायचे, एकात दोन-दोन बाळं ठेवायला लागायची आणि एकाचं इन्फेक्शन दुसऱ्याला. म्हणजे पेट्या नाहीत म्हणून काढलेला मार्ग. पण २०२१ मध्ये भारतासकट पाच देशांतला अभ्यास आला, १ किलो ते १ किलो ७९९ ग्रॅमच्या बाळांचा, आमची बाय बरोबर त्यात बसते, आणि त्यात जन्मल्या जन्मल्या लगेच आईच्या छातीवर घेतलेल्या बाळांचे मृत्यू आधी पेटीत स्थिर करून मग घेतलेल्यांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी. मॅडम म्हणाल्या आता जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे दिवसाचे आठ ते चोवीस तास, जेवढं जमेल तेवढं. मला आठ-दहा तास जमायचं. नवरा शनिवार-रविवार यायचा तेव्हा तो शर्ट काढून बसायचा, त्याच्या छातीवर ती जास्त गाढ झोपायची. पहिल्यांदा बाकीच्या बायका बघायच्या, मग दुसऱ्या आठवड्यात अजून दोघींचे नवरे बसायला लागले.

तिथल्या तक्रारी पण लिहिते, नाहीतर एकतर्फी होईल. कांगारूसाठी मागे रेलता येईल अशा खुर्च्या फक्त दोन होत्या आणि आया सात. टाक्यांनी प्लॅस्टिकच्या सरळ खुर्चीत तीन तास बाळ छातीवर घेऊन बसणं काय असतं ते बसलेल्यालाच माहीत. नंबर लावायचो, एकमेकींना उठवायचो, कधी कुणी रुसायची. आयांच्या खोलीत पलंग कमी, बाथरूमला पाणी दुपारनंतर बारीक. सिस्टर दोन आणि बाळं बारा, त्या जेवायला उभ्या उभ्या जायच्या. आणि बाहेर नातेवाईकांना कुणी काही नीट सांगत नाही, आई रोज विचारून विचारून दमायची.

बेसिनेट मात्र तिथलं बघून घ्या म्हणेन, शेवटचे चार दिवस बाय माझ्या शेजारी त्यात होती. सगळं स्टेनलेस स्टील, गंज नाही, टब स्वच्छ की झोपूनसुद्धा बाळाचा श्वास दिसतो, टबाची कड उंच, डोक्याकडची बाजू थोडी खालीवर होते, चाकं जाड रबराची आणि ब्रेक दाबला की टक्क असा आवाज येऊन हलत नाही. गादी पातळ आणि कडक, आईला ती फारच कडक वाटली, पण बाळाला तसंच सपाट आणि कडक लागतं, उशी नाही, मऊ गादी नाही, कडेला लोड तक्के काही नाही, कारण त्यात तोंड रुतलं तर एवढ्याशा बाळाला मान वळवता येत नाही. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाला नुसता रंग दिलेलं काहीही दोन पावसाळे काढत नाही, मालवणला घ्या नाहीतर वेंगुर्ल्याला घ्या, त्यामुळे कोणी दवाखान्यासाठी खरेदी करत असेल तर थोडे जास्त पैसे घालून ३०४ ग्रेडचं स्टील घ्या असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

पैसे? एक रुपया नाही. औषधं, तपासण्या, माझं जेवण, जाताना घरी सोडायला गाडी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे, आजारी नवजात बाळाचा सगळा उपचार सरकारी हॉस्पिटलात मोफत आणि तो आपला हक्क आहे, कोणी उपकार करत नाही. आधीच्या मॅटर्निटी होमचं एका रात्रीचं बिल मात्र भरलं.

घरी आल्यावर माझ्या भावाने हौसेने ऑनलाईन बेसिनेट मागवलेलं, साडेचार हजारांचं, गुलाबी झालर, वर टांगलेली खेळणी. हे घेऊ नका. आतली गादी बोट रुतेल एवढी मऊ, मध्ये खोलगट, बाय एका कुशीला घरंगळून कापडाला नाक लावायची, आणि पाय एवढे हलके की मांजर आपटलं तरी कलंडेल. तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. माझ्या पलंगाला लागून बाज लावली, त्यावर घट्ट सतरंजी आणि सुती चादर, वर मच्छरदाणी, सतरा दिवसांच्या बाळाला एवढं पुरे. आजोबांनी केलेला फणसाच्या लाकडाचा पाळणा आहे, बारशाला त्यात घातलं, नाव ठेवलं, काढलं. वजन अडीच किलो होईपर्यंत पाळण्यात झोपवलं नाही कारण त्याच्या झोळीत मान पुढे दुमडते.

बाजेखालच्या शेगडीवरून घरात वाद झाला तो लिहिते कारण घराघरात होतो. बंद खोलीत कोळसे आणि वर धुरी, पाऊस म्हणून खिडक्या लावलेल्या, आणि आत पावणेदोन किलोचं बाळ. त्या धुराने बाळाच्या छातीची काय अवस्था होईल, आणि कोळशाच्या वायूला तर वासपण नसतो. मी नाही म्हटलं. आई गप्प झाली, काकू रागावल्या. आजी मात्र म्हणाली, शेगडी उबेसाठी होती, ऊब तर ती अंगावरच घेते, मग कशाला. विषय संपला. टोपडं, पायमोजे, कुंची आणि दिवसातून सहा तास छातीवर, ऑगस्ट काढला आम्ही त्याच्यावर.

आशाताई ठरलेल्या दिवशी बरोबर यायच्या, बेचाळीस दिवसांपर्यंत. त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, डिजिटल थर्मामीटर, बाळाला गुंडाळायची उबदार पिशवी, आणि येऊन आधी हात धुणार. गुडघाभर पाण्यातून व्हाळ ओलांडून आल्या एकदा. त्यांचा थर्मामीटर आणि माझा दोनशेचा, दोन्हींचा आकडा एकच आला, म्हणजे महागडा कपाळावर धरायचा घ्यायची गरज नाही, साधा काखेत लावायचा घ्या.

तर ज्या विचारतायत त्यांना. सातव्यात हॉस्पिटल बघायला जाल तेव्हा रूमच्या आधी लेबर रूममधला बाळाचा कोपरा दाखवा म्हणा. दाखवत नसतील तर तिथेच काय ते समजा. वॉर्मर चालू करून दाखवा म्हणा, प्रोब बघा, स्टिकर आहेत का विचारा. बाळाचा श्वास सुरू झाला नाही तर लावायची छोटी अंबू बॅग आणि बाळाच्या मापाचा मास्क हाताशी आहे का कपाटात कुलपात, कारण जन्मल्यावरचं पहिलं मिनिट त्याच्यासाठी असतं. लाईट गेली तर वॉर्मर कशावर चालतो आणि जनरेटर चालू करणारा रात्री कुठे झोपतो. बेसिनेट स्वतःच्या हाताने ढकलून ब्रेक दाबून बघा. आणि बाळाला न्यायची वेळ आली तर कुठे नेता, फोन कोण करतं. हे विचारताना लाज वाटते, डॉक्टर काय म्हणतील वाटतं, पण विचारा, नवऱ्याला नाहीतर आईला विचारायला लावा.

अजून एक, कमी वजनाच्या बाळांची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी महिन्याच्या आत करायची असते, दोन किलोच्या खालच्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आतल्या सगळ्यांची. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहून देतात, बाळ छान दिसतंय म्हणून ती तारीख चुकवू नका, वेळ गेली की डोळा वाचवता येत नाही. आमची ठीक निघाली.

बाय आता साडेपाच महिन्यांची आहे. बारशाला आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं की आहेर आणू नका, त्याऐवजी जे काय द्यायचं ते पैशात द्या, आणि त्या पैशातून गावच्या फॅब्रिकेटरकडून मागे रेलणारी स्टीलची खुर्ची करून घेतली, पुसता येईल असं रेक्झिन लावून, परवानगीचा कागद वगैरे करून एसएनसीयूला दिली. परवा त्याच नाईटवाल्या सिस्टरचा फोन आला होता. खुर्ची दिवसभर रिकामी नसते म्हणाली, पण हात अरुंद पडतात ताई, आईचं कोपर घसरतं आणि मग ती खांदा आवळून बसते. भावाला लगेच पाठवलं फॅब्रिकेटरकडे. दुसरी करायला घेतलीय, हात चार बोटं रुंद आणि खाली पाय टेकायला पाटी, आणि पहिलीचे हात बदलून द्यायला तो पुढच्या सोमवारी जाऊन येतोय.